अबेयन्सचं कपाट

इंग्रजी भाषेत एकूण शब्द किती हे इंग्रजांनाही धड ठाऊक नसेल, पण त्यातला एकच शब्द माझ्या थोरल्या साडूंइतका घासूनपुसून वापरणारा माणूस खुद्द इंग्लंडात जन्मलेला नाही, हे मी कल्याणपासून कर्जतपर्यंत कुठल्याही स्टेशनावर उभा राहून सांगायला तयार आहे. शब्द आहे 'अबेयन्स'. एखादा विषय मंजूरही करायचा नाही आणि नामंजूरही करायचा नाही, मधल्या मध्ये थांबवून ठेवायचा, की सरकारी कागदावर लिहितात, 'केप्ट इन अबेयन्स'. ऑफिसात या शब्दाला फार तर महिन्यातून दोनदा काम पडत असेल. साडूंच्या घरात तो मिठासारखा रोज लागायचा. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई, गॅसवर दूध ठेवून शेजारी जाताना सांगून जायची, "दूध अबेयन्समध्ये आहे, लक्ष ठेवा." भांडी घासणाऱ्या मावशींनी एकदा निरोप पाठवला की उद्याची भांडी अबेयन्समंदी ठेवा, आणि त्या शब्दाचा मान राखून ताईने दुसऱ्या दिवशी मुकाट्याने स्वतः भांडी घासली. मीही या शब्दाला पोटभर हसलोय. मात्र त्याच शब्दाच्या खुंटीवर त्यांच्याच इमारतीतल्या एका बाईची नोकरी सहा वर्षं टांगलेली होती, आणि ती खाली उतरणार की तिथेच वाळून जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, एवढं आधीच सांगून ठेवतो. म्हणजे हसताना जरा बेतानं हसाल.

साडू अंबरनाथच्या एका सरकारी ऑफिसात बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते. ऑफिसचं नाव सांगत नाही, कारण त्यांची पेन्शन अजून तिथूनच येते. अंगाने काटकुळे, उंचीला एवढे की शिवमंदिराच्या रस्त्यावर रिक्षात बसले तर गुडघे ड्रायव्हरच्या कानाला लागायचे. चालायचे असे की एक पाय पुढे टाकला की दुसऱ्या पायाला मंजुरी येईपर्यंत थांबलेत असं वाटावं. खिशाला तीन पेनं. निळं स्वतःसाठी, लाल चुका काढायला आणि हिरवं साहेबांसाठी. हिरव्या शाईने सही करायचा मान गॅझेटेड अधिकाऱ्याचा, त्यामुळे साडूंनी ते पेन तीस वर्षांत स्वतः एकदाही कागदाला टेकवलं नाही. पण ऐन सहीच्या वेळी साहेबांचं पेन सापडलं नाही म्हणून काम अडलं, असंही कधी होऊ दिलं नाही. मी एकदा त्या पेनाने वाणसामानाची यादी लिहायला घेतली, तर त्यांनी पेन माझ्या हातातून असं काढून घेतलं, जणू मी कुणाच्या तरी गळ्यातलं मंगळसूत्र ओढत होतो.

शब्दाचा अर्थ त्यांनी मला एका रविवारी जेवताना सांगितला. ताईने वालाचं बिरडं केलं होतं आणि मी बदलापूरहून केवळ त्या वासावर येऊन पोचलो होतो. बोलता बोलता मी म्हणून गेलो, "दादा, अबेयन्स म्हणजे आपलं भिजत घोंगडंच की."

साडूंनी हातातला घास ताटात ठेवला. "घोंगडं कशामुळे भिजत पडतं?"

"कशामुळे म्हणजे? पडतं आपलं."

"विसरल्यामुळे पडतं. कुणीतरी टाकतो आणि निघून जातो. अबेयन्स हा आदेश आहे. त्याला तीन गोष्टी लागतात. का थांबवलं त्याचं कारण, कधीपासून थांबवलं त्याची तारीख, आणि पुन्हा कधी बघायचं त्याची तारीख. यातलं एक जरी नसलं तरी त्याला अबेयन्स म्हणायचं नाही. पेंडिंग म्हणा, आळस म्हणा, काय वाटेल ते म्हणा."

"आणि रिजेक्टेड?"

"रिजेक्टेड म्हणजे वाल फेकून दिले. अबेयन्स म्हणजे वाल भिजत घातलेत आणि ते रोज बघितले जाताहेत. तू आत्ता खातोयस ते परवा अबेयन्समध्ये होते."

ताई वाढता वाढता म्हणाली, "आणि ते रोज मी बघत होते. आदेश देणारे पेपर वाचत होते."

पण साडू बोलल्याप्रमाणे वागायचे, हे मान्य केलंच पाहिजे. घरात लाल कापडी बांधणीचं एक जाडजूड रजिस्टर होतं. त्यात विषय, कारण, तारीख आणि पुढचा रिव्ह्यू असे रकाने आखलेले. गीझर, कारण लोडशेडिंग. ताईची माहेरची ट्रिप, कारण परीक्षा. परीक्षा मुलाची होती, तो इंजिनीयर होऊन पुण्याला गेला तरी ट्रिप अजून रजिस्टरात होती, कारण मधल्या काळात ताईच म्हणाली होती की आता मला जायचंच नाही, आणि साडूंनी तिचं म्हणणंही अबेयन्समध्ये ठेवलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी टाकीच्या व्हॉल्व्हवरून त्यांचं भांडण होतं. गणपतीचे दहा दिवस ते भांडण रीतसर अबेयन्समध्ये जायचं. दोघे शेजारी शेजारी उभे राहून आरती म्हणायचे, एकमेकांच्या ताटात मोदक वाढायचे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात गाठ पडली की साडू म्हणायचे, "तर मी काय म्हणत होतो," आणि दहा दिवसांपूर्वी अर्ध्यावर सोडलेलं वाक्य उरलेल्या अर्ध्यापासून सुरू करायचे. शेजारीही इतका तयार झाला होता की तो वाक्याच्या दुसऱ्या शब्दालाच उत्तर द्यायचा.

माझं स्वतःचं लग्न याच शब्दातून पार पडलेलं आहे. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा आनंदनगरच्या एका कंपनीत नुकता चिकटलो होतो. पोहे झाले, मुलीचं खाली बघून झालं, मग सासऱ्यांनी मोठ्या आदराने थोरल्या जावयांचं मत विचारलं. साडूंनी मला एकच प्रश्न केला, "कायम झालात का?" मी म्हटलं, अजून तीन महिने आहेत. त्यावर ते सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "मुलगा चांगला आहे. अबेयन्समध्ये ठेवावा." माझ्या आईला वाटलं की काहीतरी मानाची जागा असणार. बदलापूरला उतरल्याबरोबर तिने भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं की आमचा पोरगा अबेयन्सला लागला. बरोबर तीन महिन्यांनी, त्याच तारखेला, साडू अर्ध्या दिवसाची रजा टाकून आमच्या कंपनीच्या गेटवर हजर. माझं कायम झाल्याचं पत्र मागितलं, उभ्याने वाचलं, उजेडासमोर धरून शिक्का तपासला, "आता हरकत दिसत नाही" म्हणाले आणि चहाही न घेता चालू लागले. आमच्या वॉचमनला वाटलं धाड पडली. आठवडाभर कंपनीत कुणी लेट आलं नाही.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराला तर त्यांनी नवीन शब्दच दिला. तिथल्या एका सिंधी शेठकडे त्यांना एक सोफा पसंत पडला, पण त्यांच्या पुढच्या खोलीचा रंग व्हायचा होता. साडू म्हणाले, "ये सोफा अबेयन्समें रखिए."

शेठ बिचारा गोंधळला. "साईं, ये अबेयन्स कौन सी लकडी है? अपने पास सागवान है, शीसम है, जो बोलो बनाके देगा."

साडूंनी त्याला स्टुलावर बसवून वीस मिनिटं शब्द समजावला. शेठने सोफ्यावर चिठ्ठी चिकटवली, अबेयन्स. दर तीन महिन्यांनी साडू जायचे, सोफ्यावर बसून स्प्रिंगा दाबायचे आणि "चालू ठेवा" म्हणून परत यायचे. मधल्या काळात दुसरं कुठलं गिऱ्हाईक त्या सोफ्याकडे वळलं की शेठ सांगायचा, "वो नहीं मिलेगा, वो अबेयन्सवाला है." जी वस्तू मिळत नाही ती उल्हासनगरात सगळ्यांनाच पाहिजे असते. वर्षभरात त्या लायनीतल्या चार दुकानांत अबेयन्स मॉडेल मिळायला लागलं, रेक्झिनमध्ये आणि वेल्वेटमध्ये. साडूंच्या खोलीचा रंग तोवर झालेला नव्हता.

आता निर्मलाबाई. त्या तळमजल्यावर राहायच्या. त्यांचे मिस्टर साडूंच्याच ऑफिसात डिस्पॅचला होते, म्हणजे बाहेर जाणाऱ्या टपालाची नोंद करायला. माणूस नोकरीत असतानाच गेला, पदरी दोन मुली. निर्मलाबाईंनी मिस्टरांच्या जागी नोकरीचा अर्ज केला आणि आनंदनगरला एका मसाल्याच्या कंपनीत कंत्राटावर पॅकिंगला लागल्या. दर काही महिन्यांनी कंत्राटदार ब्रेक द्यायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. अशात ऑफिसचं पत्र आलं, इंग्रजीत, आणि त्यात तोच शब्द. साडू इमारतीच्या दारातच भेटले. बाईंनी पत्र त्यांच्यासमोर धरलं.

"भाऊ, वाचा. हो आहे का नाही आहे, तेवढंच सांगा."

"दोन्ही नाही," साडू म्हणाले. "जागा निघेपर्यंत तुमचा अर्ज अबेयन्समध्ये ठेवला आहे."

"आणि जागा कधी निघेल?"

"ते सांगता येत नाही. दर तीन महिन्यांनी रिव्ह्यू होईल."

"कोण करणार?"

"मी."

"मग झालंच," बाई म्हणाल्या. "गीझर अजून लागला नाही तुमचा."

तेव्हापासून जिन्यात, पाण्याच्या रांगेत, शिवमंदिराच्या बाजारात, जिथे गाठ पडेल तिथे त्या विचारायच्या, "काय भाऊ, काय म्हणतंय आपलं अबेयन्स? मोठं झालं असेल आता. शाळेत घालायला आलं." साडू मान खाली घालून पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. मला त्यांचा राग यायचा. एकदा मी बोलूनही दाखवलं. म्हटलं, "दादा, नाही होणार तर नाही म्हणून मोकळं करा की बाईला. किती वर्षं लटकवून ठेवणार? हे पत्र लिहिणाऱ्याला एकदा मसाल्याच्या धुरात उभा केला पाहिजे."

साडूंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पत्र मीच लिहिलंय."

झालं होतं असं. त्या वेळच्या साहेबांनी एका ओळीत उत्तर सांगितलं होतं, जागा नाही, दिलगीर आहोत. साडूंच्या हातात ना जागा होती ना सही. बडेबाबूंच्या हातात असतो फक्त मसुदा. त्यांनी मसुद्यात 'रिग्रेटेड'च्या जागी हा शब्द घातला आणि कागद दुपारच्या जेवणानंतर पुढे केला, कारण त्या साहेबांना जेवणानंतर मसुदा वाचायचा कंटाळा असायचा. हिरवं पेनही स्वतःच उघडून दिलं.

"दिलगीर लिहिलं असतं तर फाइल त्याच दिवशी रेकॉर्ड रूमला गेली असती," साडू म्हणाले. "रेकॉर्ड रूमला उंदीर आहेत. अबेयन्सच्या फाइलींचं कपाट माझ्या खुर्चीमागे आहे. त्याची किल्ली माझ्याकडे असते. तिथे मी उंदीर येऊ देत नाही."

दर तीन महिन्यांनी ते ती फाइल काढायचे, 'अद्याप जागा नाही, अबेयन्स पुढे चालू' असं नोटिंग लिहून सही घ्यायचे आणि संध्याकाळी तळमजल्यावर जाऊन बाईंना तोंडी कळवायचे. याला ते पर्सनल हिअरिंग म्हणायचे. बाई चहा द्यायच्या आणि टोमणे द्यायच्या, साडू दोन्ही घ्यायचे. अशाच एका हिअरिंगमध्ये त्यांनी विचारलं, "टायपिंग येतं का?" बाई म्हणाल्या, "मला वेळ कुठाय?" त्यावर साडू म्हणाले, "वेळच आहे तुमच्याकडे. अबेयन्स म्हणजे वेळ." बारावी झालेल्या निर्मलाबाई वयाच्या चाळिशीत स्टेशनजवळच्या टायपिंग क्लासला जायला लागल्या, कॉलेजच्या मुलींच्या रांगेत. हाताला हळदतिखटाचा वास, आणि बोटं ए-एस-डी-एफ. पहिल्यांदा नापास झाल्या तेव्हा येऊन म्हणाल्या, "भाऊ, माझी बोटं अबेयन्समध्ये गेलीत." दुसऱ्यांदा पास झाल्या. सर्टिफिकेटची झेरॉक्स साडूंनी त्याच आठवड्यात फाइलला लावली, टाचणीने नाही, टॅगने. टाचणी गंजते म्हणे.

अशी सहा वर्षं गेली आणि साडूंची स्वतःचीच तारीख जवळ आली. मे अखेर निवृत्ती. या माणसाला निवृत्त व्हायचं नव्हतं हे सांगायला ज्योतिषी नको. पेन्शनचे फॉर्म त्यांनी अर्थातच अबेयन्समध्ये ठेवले होते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बरोबर सव्वादहाला त्यांचा उजवा हात हजेरीची सही करायला आपोआप उठायचा, ताईने कितीदा त्याच्यात भाजीची पिशवी अडकवली आहे. आणि तेवढ्यात नवीन साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की बडेबाबू, तुमच्यासारखा माणूस मिळणार नाही, एक वर्ष याच खुर्चीवर राहा, मी वरून मंजुरी आणतो. साडू घरी आले ते जवळजवळ पळतच. ताई म्हणते त्यांनी वाटेत नवा डबाही घेतला, चार खणांचा. मात्र साहेबांना दिलेलं उत्तर विचाराल तर, थोडा वेळ द्या. का, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

बुद्धपौर्णिमेला निर्मलाबाई खिरीचं पातेलं घेऊन वर आल्या. मी होतोच, खीर असली की मी असतो. वाट्या भरून झाल्यावर त्या साडूंच्या समोर बसल्या.

"भाऊ, ऐकलं ते खरं का? वर्ष वाढवून मिळतंय तुम्हाला."

"विचारलंय. अजून उत्तर दिलं नाही."

"का?"

साडूंनी खिरीतला बेदाणा चमच्याने बाजूला केला.

"घ्या की मग," बाई म्हणाल्या. "खरंच सांगते, मनात काही ठेवून नाही. तुम्ही गेलात की नवा माणूस पहिलं काय करणार? कपाट साफ. सहा वर्षांत माझी फाइल तुमच्याशिवाय कुणी उघडली तरी का? मला तिथे टोमणा मारायला तरी ओळखीचं माणूस पाहिजे."

"अगं, पण तुझे हाल," ताई म्हणाली.

"हालाचं काय ताई. लोकांना ब्लडप्रेशर असतं, मला अबेयन्स आहे. सवय झाली. आणखी एक वर्ष काढीन. पण फाइल जिवंत राहू दे."

त्या गेल्यावर मी साडूंच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, "सुटलात. बाईच म्हणते राहा. आता घ्या एक्स्टेन्शन आणि वर्षभर डबा खा."

"तिला साखळी ठाऊक नाही," साडू म्हणाले.

"कसली साखळी?"

त्यांनी टेबलावरच्या चार वाट्या एकापुढे एक मांडल्या. सगळ्यात पुढची त्यांची. ती उचलून बाजूला ठेवली, मग मागची पुढे, तिच्या मागची तिच्या जागी, असं करत करत शेवटी टेबलाच्या कडेशी एक जागा मोकळी झाली. तिथे खिरीचा ओला गोल उमटला होता. "मी उठलो की सगळे एकेक सरकतात आणि खालची जागा निघते. सहा वर्षांत पहिली. मी बसून राहिलो तर सरकणार कोण?" मग वाट्यांकडे बघतच म्हणाले, "मी राहिलो तर फाइल राहील. मी गेलो तर जागा निघेल, पण फाइलकडे बघणारा कुणी नसेल. दोन्ही एकदम होत नाही."

  ताईने वाट्या गोळा केल्या आणि ती आत गेली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला की यांनी सकाळीच दोन ओळींचा अर्ज लिहिला, एक्स्टेन्शन नको म्हणून, आणि रजिस्टर उघडलंसुद्धा नाही.

पुढचे पंधरा दिवस मी साडूंना ओळखलं नाही. पाय मंजुरी न घेता पडायला लागले. पेन्शनचे फॉर्म एका बसणीत भरून दिले. निर्मलाबाईंचा जन्मदाखला, मिस्टरांच्या मृत्यूचा दाखला, टायपिंगचं सर्टिफिकेट, सगळ्याला नंबर घालून नोट तयार केली, की होणाऱ्या रिकाम्या जागेवर हे प्रकरण घ्यावं. आणि साहेबांनी ती नोट टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवून दिली. रोज विचारलं की, बघतो. एक्स्टेन्शन नाकारल्याचा रागही असेल थोडा. निवृत्तीला दोनच दिवस उरले तेव्हा सोमवार होता आणि साहेबांना सोमवारी ऑफिसच्या आधी शिवमंदिरात जायची सवय होती. सकाळी सातला साडूंचा मला फोन, स्कूटर घेऊन ये. मी बदलापूरहून नाइट शिफ्टच्या डोळ्यांनी निघालो.

आमच्या मंदिराचा गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा साहेब हातात बेल घेऊन उतरायला लागले होते. साडू सोवळ्यातल्या दोन आजींना ओलांडून त्यांच्या मागच्या पायरीवर पोचले, मी त्यांच्या मागे.

"सर, ते नोटिंग."

साहेबांनी मागे वळून बघितलं. "बडेबाबू, देवासमोर तरी फाइल नको."

"फाइल आणलेली नाही सर. फाइल ऑफिसबाहेर नेत नाहीत. फक्त आठवण."

रांग एक पायरी खाली सरकली. साहेब म्हणाले, "अहो, तुमच्या जागी माणूस येऊ दे, तो बघेल. तोवर ठेवा ना अबेयन्समध्ये. तुमचाच शब्द."

मागचे लोक ढकलत होते. एक आजी म्हणाल्या, चला पुढे, काय बोलायचं ते वर बोला. साडू कठड्याला धरून वाकले होते, कारण उंचीमुळे डोकं वरच्या दगडाला लागत होतं.

"नाही ठेवता येणार सर," ते म्हणाले. "अबेयन्सला कारण लागतं. जागा नाही हे कारण होतं. परवा संध्याकाळी साडेपाचला ते संपतंय. त्यानंतर तिला थांबवायचं तर कागदावर नवं कारण लिहावं लागेल, आणि ते मी लिहिणार नाही. आपण सांगा, काय लिहू?"

साहेब तसेच वळले. खाली गेले, बेल वाहिला, घंटा वाजवली, आणि वर येईपर्यंत पाच पायऱ्यांवर पाच वेळा थांबले. बाहेर चपला घालताना म्हणाले, "अकराला या. पेन घेऊन या."

अकराला सही झाली. तीस वर्षं दुसऱ्यांसाठी बाळगलेलं ते हिरवं पेन साडूंनी तिथेच साहेबांच्या टेबलावर ठेवून दिलं. दोन दिवसांनी शाल, श्रीफळ, भाषणं, सामोसे. कपाटाची किल्ली त्यांनी नव्या बडेबाबूंच्या हातात दिली, सही घेऊन. रिक्षातून घरी येताना गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला होता आणि सबंध रस्ताभर ते त्याची एकेक पाकळी सरळ करत होते.

निर्मलाबाईंना डिस्पॅचलाच घेतलं. ऑर्डर आली त्या संध्याकाळी त्या वर आल्या, कागद साडूंच्या पुढ्यात ठेवला आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच टोमणा न मारता समोर बसल्या. साडूंनी ऑर्डर दोनदा वाचून दाखवली, एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत. मग म्हणाले, "सोमवारी सव्वादहा. पहिल्या दिवशी लेट मार्क नको."

त्या सोमवारी मी अंबरनाथलाच होतो. साडू नेहमीच्या वेळेला इस्त्रीचा शर्ट घालून तयार. निर्मलाबाईंना वाट दाखवायला म्हणून निघाले, जणू त्या वाटेवरून बाईंनी मिस्टरांचा डबा कधी नेलाच नव्हता. मीही बरोबर गेलो. बाई नवी साडी सावरत दोन पावलं पुढे, आम्ही मागे. गेटवर वॉचमनने साडूंना कडक नमस्कार केला. पण पास विचारायचा की नाही अशा पेचात तो बिचारा पायावर पाय बदलत उभा राहिला. साडूंनीच त्याची सुटका केली. म्हणाले, "मी इथवरच." निर्मलाबाई मागे वळल्या, म्हणाल्या, "जयभीम भाऊ, येते," आणि आत गेल्या.

गेटपासून इमारतीपर्यंत लांबलचक अंगण आहे. आम्ही गजाला धरून बघत राहिलो. त्या पायऱ्या चढून गेल्या आणि उजवीकडच्या दाराकडे वळल्या. तिकडे स्टोअर्स आहे. डिस्पॅच डावीकडे. साडूंचा हात गजातून आत गेला, तोंडही उघडलं, पण एवढ्या अंतरावरून हाक पोचली नसती. बाई दाराशी थबकल्या, वरची पाटी वाचली, इंग्रजीत आहे ती, मग मागे फिरल्या आणि डाव्या दाराने आत गेल्या.

साडूंनी हात हळूच बाहेर घेतला. "वाचलंन् तिनं," म्हणाले, आणि सव्वादहाचा टोल पडेपर्यंत तिथून हलले नाहीत.